पास मागे अडतो, कारण पुढे कोणी नसतं

२२ मे २०२४ ला डब्लिनमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. एका बाजूला जर्मनीचा बायर लेव्हरकुसेन. हा संघ त्या हंगामात सगळ्या स्पर्धा धरून ५१ सामने हरला नव्हता आणि जर्मन लीग त्याने एकही पराभव न पत्करता जिंकली होती. दुसऱ्या बाजूला इटलीतल्या बेर्गामोचा अटलांटा, आठवडाभर आधी इटालियन कपच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसकडून ०-१ ने हरून आलेला. डब्लिनचा निकाल अटलांटा ३, लेव्हरकुसेन ०. तिन्ही गोल अडेमोला लुकमनचे, १२व्या, २६व्या आणि ७५व्या मिनिटाला.

गोलांची चर्चा भरपूर झाली. मला त्या सामन्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं. वर्षभर मागून पास देत, समोरच्याला अंगावर घेत, आरामात वर येणारा संघ त्या रात्री स्वतःच्याच अर्ध्या भागात घुसमटला. तो का घुसमटला, हे मला नीट समजून घ्यावं लागलं, कारण गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या संघाचीही तीच गत झाली.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी गावच्या पोरांचा सराव घेतो. दोघं कॉलेजसाठी वणीला जातात, बाकीचे शेतीत नाहीतर जिनिंगवर. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात त्यावर पाय ठेवला की चप्पल तिथेच राहते. दिवाळीनंतर जमीन सुकते, भेगा पडतात आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहत नाही. अशा जमिनीवर मागून छोटे पास देत यायचं हा हट्ट पोरांचाच. रात्री मोबाइलवर मँचेस्टर सिटी बघायची आणि दुसऱ्या दिवशी ढेकळांवर तेच करायला जायचं. मी अडवत नाही. आमची पोरं काटक आहेत, पळतात, पण अंगापिंडाने लहान. उंच उडवलेले चेंडू त्यांना मिळायचे नाहीत. एकच पोरगा सहा फुटांचा, आणि तो स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू. उंच पोरगा म्हणजे स्टॉपर, ही आमच्याकडची जुनीच रीत आहे. त्यावर कोणी विचार करत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या स्पर्धेत उपांत्य सामना पडला तो वणीकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीतल्या संघाशी. त्यांच्या प्रशिक्षकाने आमचे आधीचे सामने रेषेबाहेर बसून पाहिले होते, आणि त्याने सरळ उपाय केला. प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला. तो जिथे जाईल तिथे जायचं. पाणी प्यायला गेला तरी जायचं.

यातला एक गोलकिक (आपल्या गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करायची किक) सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यात आहे.

आमच्या गोलकीपरने चेंडू ठेवला. दोन्ही स्टॉपर बॉक्सच्या, म्हणजे गोलपुढच्या आखलेल्या चौकटीच्या आत, दोन बाजूंना. २०१९ पूर्वी असं उभं राहून उपयोग नव्हता, कारण गोलकिक बॉक्सबाहेर गेल्याशिवाय चेंडू खेळात येत नसे. २०१९-२० च्या हंगामापासून नियम बदलला. चेंडू मारला आणि तो स्पष्ट हलला की खेळ सुरू. समोरच्यांनी मात्र तोवर बॉक्सच्या बाहेर थांबायचं. या एका दुरुस्तीनंतर जगभर गोलकिकचं रूप पालटलं. आता समोरच्याला आपल्या गोलपर्यंत ओढून आणता येतं आणि त्याच्या पाठीमागे जी जागा मोकळी होते, ती वापरता येते.

गोलकीपरने डाव्या स्टॉपरला दिला. त्यांचा फॉरवर्ड निघाला, पण सरळ आला नाही. थोडी वाकडी वाट धरून आला, म्हणजे दुसऱ्या स्टॉपरकडे जाणारा पास त्याच्या अंगाआड गेला. आपल्या पोराकडे उरले दोनच रस्ते, डावा बॅक (कडेचा बचावपटू) किंवा परत गोलकीपर. त्याने गोलकीपरला दिला. फॉरवर्ड न थांबता तसाच गोलकीपरवर गेला. गोलकीपरने घाईत डाव्या बॅककडे ढकलला. बॅकच्या पाठीला त्यांचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, चिकटलेलाच होता. चेंडू ढेकळाला लागून गुडघ्यापर्यंत उसळला, बॅकने मांडीने थोपवायला घेतला, विंगरने मधे पाय घातला आणि चार पावलांत गोल.

पुन्हा तसंच एकदा झालं. हाफटाइमला ०-२. प्रेक्षकांतून एकच घोष चालला होता, "उडव बे, उडव!" कर्णधार माझ्याकडे आला.

"सर, पासिंग बंद करू. गोलकीपरले सांगा, सरळ मार."

"मारू दे. पण कोणाले मारल?"

त्याने पुढे बघितलं. पुढे आमचा फॉरवर्ड, चपळ, पाच फूट तीन इंच, आणि त्याच्या मागे त्यांचा एक आडदांड. दुसऱ्या अर्ध्यात उडवलेले सगळे चेंडू परत आले. ०-३.

गावात निष्कर्ष लगेच निघाला की मोबाइलवरचा फुटबॉल आपल्या जमिनीवर चालत नाही. मला तो पटला नाही. जमिनीने एक गोल दिला असेल, पण बाकी जे झालं ते गवताच्या गालिच्यावरही झालं असतं. डब्लिनमध्ये झालंच होतं. म्हणून शाळेच्या संगणक खोलीत प्रोजेक्टर लावून पोरांना तो सामना थांबवत थांबवत दाखवला.

आधी हिशोब बघू. मैदानावर गोलकीपर सोडून दहा विरुद्ध दहा. समोरच्याने एकास एक माणूस लावला तर त्याचे दहाही गुंतले. आपला गोलकीपर मात्र मोकळा. म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना आपण अकरा आणि अडवणारे दहा. त्यांचा कोणी गोलकीपरवर धावून गेला तर ज्याला सोडून तो आला, तो मोकळा झाला. कागदावर हे सोपं आहे. अडचण अशी की वाकडी वाट धरणारा शहाणा फॉरवर्ड धावतानाच त्या मोकळ्या माणसाकडचा रस्ता अंगाने झाकतो, आणि एकटा दोघांना पुरतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं.

आता हिशोबाची दुसरी बाजू, जी आमच्या ध्यानात कोणी आणून दिली नव्हती. समोरचे दहाही जण माणसाला चिकटले की त्यांच्या मागच्या फळीत जास्तीचा कोणी उरत नाही. तिथे एकास एक असतो आणि पाठीमागे मोकळं रान. म्हणजे मागे जितकी दाटी, तितकी पुढे जागा. अटलांटाचे तेव्हाचे प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी २०१६ ते २०२५ हाच जुगार खेळले. त्यांचे बचावपटू आपल्या माणसामागे थेट मैदानाच्या मध्यापर्यंत जायचे. धोका उघड आहे, पण तो धोका कोणी वसूल करायला तर पाहिजे.

लेव्हरकुसेनने तो वसूल केलाच नाही. तेव्हाचे प्रशिक्षक झाबी अलोन्सो यांच्या संघाची नेहमीची पद्धत अशी: मागे तीन, त्यांच्या पुढे मधल्या फळीत ग्रानित झाका आणि जोडीदार, त्यांच्याही पुढे आतल्या जागांत फ्लोरियन विर्ट्झसारखे दोघं, आणि रेषेला लागून पळणारे विंगबॅक. सगळा खेळ झाकाच्या पायातून फिरायचा. समोरचा पुढे आला की एक-दोन स्पर्शांत चेंडू त्याच्या मागे. वर्षभर बहुतेक संघ लेव्हरकुसेनला अंगावर घ्यायला कचरले, मागे थांबले आणि काही तर शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन गेले. अटलांटाने उलट केलं. झाका आणि त्याचा जोडीदार पॅलासिओस यांच्या अंगावर अटलांटाचे कूपमायनर्स आणि एदेरसन. (हा ब्राझीलचा मिडफिल्डर. सिटीचा तेव्हाचा गोलकीपर एदेरसन वेगळा. पोरांचा इथे बराच गोंधळ झाला.) स्टॉपरना चेंडू मिळताच पुढचे तिघे तुटून पडायचे. झाका वळून बघेपर्यंत कोणीतरी पाठीला लागलेला.

अशा वेळी पुढे एक दमदार माणूस पाहिजे, चेंडू अंगावर घेऊन धरणारा. अलोन्सोने त्या दिवशी नेहमीचा स्ट्रायकर सुरुवातीला खेळवलाच नाही. व्हिक्टर बोनिफेस आणि पॅट्रिक शिक दोघंही बेंचवर, आणि सगळ्यात पुढे अमिन आदली. त्यामागचा विचार मला मूर्खपणाचा वाटत नाही. हलके, तरबेज खेळाडू पुढे ठेवायचे, ते खाली उतरतील, अटलांटाचे स्टॉपर त्यांच्या मागे ओढले जातील आणि रिकाम्या झालेल्या जागेत कोणीतरी पळेल. पण खाली उतरणारे जास्त आणि त्या जागेत पळणारे कमी झाले. अटलांटाचे स्टॉपर बिनधास्त पुढे येत राहिले, कारण त्यांच्या पाठीमागे भीती वाटावी असं काही उरलं नव्हतं.

संगणक खोलीत इथे एकाने विचारलं, "सर, त्याइचा उंच पोट्टा कुठं हाये?"

"बेंचवर."

खोलीत हशा पिकला. मागून एक जण म्हणाला, "आपला तं मैदानातच होता, पण आपल्याच गोलपाशी."

गोलांकडेही नीट बघायला हवं, कारण सगळं खापर प्रेसवर, म्हणजे समोरच्याने अंगावर धावून येण्यावर, फोडलं की चूक होते. पहिला गोल उजवीकडून अटलांटाच्या झप्पाकोस्टाने आत दिलेल्या चेंडूवर झाला. पॅलासिओस चेंडूकडे बघत राहिला आणि लुकमन त्याच्या पाठीमागून येऊन मारून गेला. तो बचावातला साधा निष्काळजीपणा होता. दुसऱ्यात मात्र त्या रात्रीची सगळी कथा दिसते. लेव्हरकुसेनला चेंडू टिकवता आला नाही, तो लुकमनच्या पायात पडला, त्याने झाकाच्या दोन पायांमधून काढला आणि बॉक्सबाहेरून वळवून कोपऱ्यात घातला. बोनिफेस हाफटाइमनंतर आला. तोवर ०-२ झालं होतं, लेव्हरकुसेनला पुढे सरकणं भाग होतं आणि तिसरा गोल त्या उघड्या पडलेल्या जागेतून अटलांटाच्या स्कामाक्काच्या पासवर झाला.

पोरांना वाटू लागलं की मॅन टू मॅन म्हणजे रामबाण. म्हणून त्यांना दुसरा सामनाही दाखवला. २० डिसेंबर २०२०, ओल्ड ट्रॅफर्ड. प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साचा लीड्स युनायटेड असाच माणसाला माणूस लावून खेळायचा. मँचेस्टर युनायटेडच्या स्कॉट मॅकटॉमिनेने पहिल्या तीन मिनिटांतच दोन गोल केले. एरवी खाली राहणारा हा मिडफिल्डर सरळ धावत पुढे गेला, आणि त्याचा माणूस एकदा मागे पडल्यावर दुसरा कोणी मदतीला उरलाच नाही. निकाल ६-२. एकाची पकड सुटली की सगळी साखळी सुटते. अटलांटाची त्या रात्री सुटली नाही एवढंच.

या प्रेसवर उत्तरं निरनिराळी आहेत. इंग्लंडच्या ब्रायटन संघात असताना प्रशिक्षक रॉबेर्तो डी झेर्बीने स्टॉपरना चेंडूवर तळवा ठेवून उभं राहायला शिकवलं. समोरचा येत नाही तोवर हलायचंच नाही, आणि तो आला की त्याने सोडलेल्या जागेत पास. आमच्या मैदानावर ही युक्ती वेगळ्याच कारणाने कामाची निघाली: तळवा ठेवला की चेंडू निदान उसळायचा थांबतो! सिटीचं उत्तर आणखी सरळ. समोरचे एकास एक आले की एदेरसन साठ-सत्तर मीटरचा चेंडू थेट उंच स्ट्रायकर हालांडच्या दिशेने टाकायचा. पोरं सिटीचे छोटे पास बघत होती, तो लांब पास त्यांच्या डोळ्यांत भरलाच नव्हता.

आम्ही मोजकंच बदललं. सहाफुट्याला पुढे नेलं. तो नाराज.

"सर, मले गोल नाई मारता येत."

"मारू नको. चेंडू छातीवर घे अन् दोन सेकंद धर. बाकी बाकीचे पायतीन."

खरी मेहनत त्या बाकीच्यांची होती. लांब चेंडू धरणाऱ्याला क्वचितच स्वच्छ मिळतो. तो कुठेतरी अंगाला लागून खाली पडतो आणि तो पडलेला चेंडू कोणाचा, यावर सगळं ठरतं. कबड्डीत एकाने रेडरचा घोटा धरला की बाकीच्यांनी त्याच क्षणी झडप घालायची असते, उशीर झाला की तो रेषा गाठतो. हे त्यांना सांगावं लागलं नाही, कारण निम्मी पोरं कबड्डीचीच. चपळ फॉरवर्डला उंच पोराच्या मागे पळायला लावलं आणि एक हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) उंच पोराच्या पुढ्यात, खाली पडणाऱ्या चेंडूसाठी. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे सगळे एकत्र सरावाला कधी आलेच नाहीत. आले तेवढ्यांवर भागवलं.

एक नियम फार उपयोगी पडला. गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. थ्रो-इन आणि कॉर्नरचंही तसंच, पण गोलकिकचं बहुतेकांच्या लक्षात नसतं. म्हणजे गोलकिकच्या वेळी आपला माणूस समोरच्या शेवटच्या बॅकच्याही मागे खुशाल उभा राहू शकतो. मग त्यांच्या बॅकला ठरवावं लागतं, याच्याबरोबर मागे जायचं की आपल्या रेषेत राहायचं. मागे गेला तर मधली जागा रुंद होते.

संक्रांतीनंतर त्याच खाणीच्या वसाहतीतल्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला, आमच्याच मैदानावर. ते पुन्हा माणसाला माणूस लावून आले. का नाही लावणार, मागच्या वेळी ३-० मिळाले होते. पहिल्याच गोलकिकला आमचा उंच पोरगा त्यांच्या बॅकच्या चांगला दहा पावलं मागे जाऊन उभा. लांब किक गेली आणि लाइन्समनने झेंडा वर केला. त्यांचे पोरं "ऑफसाइड, ऑफसाइड" ओरडत जागीच थांबले. रेफ्रीने हाताने झेंडा खाली करायला सांगितला, खेळ चालू. गोल काही झाला नाही. आमच्याच पोराला वाटलं आपण ऑफसाइड आहोत, तोही थांबला होता.

थोड्या वेळाने मात्र जमलं. या वेळी स्टॉपरने बॉक्समध्ये तळव्याखाली चेंडू धरला, त्यांचे दोघं पुढे धावत आले, चेंडू परत गोलकीपरकडे आणि तिथून थेट लांब. उंच पोराने छातीवर घेतला, तो घसरून पुढ्यात पडला, हाफने एका स्पर्शात चपळ फॉरवर्डच्या वाटेवर टाकला. त्यांच्या मागे कोणीच नव्हतं. १-०.

यानंतर जे झालं ते मला त्या गोलपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांच्या प्रशिक्षकाने ओरडून एक फॉरवर्ड मागे घेतला, उंच पोरावर दुसरा माणूस म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. पण तो माणूस मागे गेला आणि आमचा उजवा स्टॉपर मोकळा झाला. म्हणजे डिसेंबरात जो छोटा पास निघत नव्हता, तो आता आपसूक निघाला, आणि त्यासाठी स्टॉपरना काहीच नवीन शिकवलं नव्हतं. फक्त साठ मीटर पुढे एक माणूस उभा केला होता. डब्लिनमध्ये बोनिफेस पहिल्यापासून असता तर निकाल फिरलाच असता असं मी म्हणणार नाही. अटलांटा त्या दिवशी प्रत्येक झटापटीत सरस होता. पण झाकाला वळायला अर्धा सेकंद जास्त मिळाला असता, असं मला वाटतं.

आमच्या उजव्या स्टॉपरला तर पाच-पाच सेकंद मिळाले. त्याने काय केलं? चेंडूवर तळवा ठेवला, समोर बघितलं, कोणी येईना, आणि चेंडू रेषेबाहेर मारून दिला. पुढच्या वेळीही तेच. समोरचे शांतपणे आपापल्या माणसापाशी उभे, याला कुठे द्यायचा सुचेना. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी कॉर्नरवर गोल फेडला आणि सामना १-१ सुटला.

तळव्याची युक्ती समोरचा अंगावर येतो तेव्हाच चालते. तो येतच नसेल तर स्टॉपरने स्वतः चेंडू घेऊन चालू लागायचं असतं, मधल्या रेषेकडे, कोणाला तरी आपला माणूस सोडून यावंच लागेल तोवर. ज्याने माणूस सोडला, त्याचा माणूस मोकळा, पास तिथे. सध्या सराव यावरच चालू आहे. उजव्या स्टॉपरसमोर तीन जोड्या उभ्या करायच्या, प्रत्येक जोडीत आपला एक, समोरचा एक. त्याने चेंडू घेऊन चालत यायचं आणि समोरच्यांपैकी एकाचं पाऊल त्याच्याकडे वळेपर्यंत पास द्यायचा नाही. पहिले काही दिवस तो घाबरून लगेच देऊन टाकायचा. आता अर्ध्या मैदानापर्यंत येतो, पण मान खाली घालून, आणि पाऊल कोणी उचललं ते त्याला दिसत नाही.